विषवाल्या वहिनी

डॉक्टर जनावरांचे होते, पण त्यांच्या दवाखान्यात ओरडा खायचा तो माणसांनी. कुत्रं टेबलावर निवांत पडलेलं असायचं आणि मालक घामाघूम. "काय चारलंत?" हा पहिला प्रश्न. त्यावर "काही नाही हो, नेहमीचंच" असं उत्तर आलं की डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "नेहमीचं म्हणजे काय ते सांगा. चॉकलेट? मनुका? का तुमच्या डोकेदुखीची गोळी, अर्धी करून?" बहुतेकदा ती अर्धी गोळीच निघायची. मग त्या मालकाची जी काही चंपी व्हायची, ती समोरच्या गॅलऱ्यांतून फुकटात ऐकायला मिळे. दवाखान्याच्या वेळेत गल्लीतल्या बायकांना कपडे वाळत घालायला जरा जास्तच वेळ लागायचा, तो उगाच नव्हे.

सल्ला मात्र चोख. पिल्लानं घरात घाण केली तर त्याचं नाक त्यात घासू नका, त्याला एवढंच कळतं की घरमालक वेडा आहे. ते दाराशी भुंकतंय म्हणून तुम्ही ओरडू नका, त्याला वाटतं तुम्ही मदतीला आलात. गोचीड शोधायची तर पाठीवर नाही, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत शोधा. हिरडी बोटानं दाबून सोडा, गुलाबी रंग लगेच परत आला तर ठीक, नाही आला तर हातातला चहा तिथंच ठेवा आणि इकडे या. आणि जे काही शिकवाल ते घरातल्या प्रत्येकानं शिकवा, एकाच शब्दात, एकाच खुणेनं. "कुत्रं एकट्या माणसाचं करून ठेवू नका. माणसाचं काय, आज आहे..." पुढचं वाक्य ते हात झटकून सोडून देत.

हे झालं लोकांसाठी. घरचा कारभार वेगळा.

घरी हवालदार होता. काळातपकिरी, कुठल्याही एका जातीत न बसणारा, एक कान उभा आणि एक रजेवर, चेहऱ्यावर कायम झडतीला आल्यासारखा भाव. म्हणून हवालदार. तो लहान असताना कुणीतरी मागच्या मैदानात मांसाच्या तुकड्यांत विष घालून टाकलं होतं. भटकी कुत्री गेलीच, घराघरांतलीही काही गेली. दिवसभर डॉक्टरांच्या टेबलावर एकेक जीव तडफडत होता आणि डॉक्टरांना हात बांधल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते हवालदाराच्या मागे हात धुऊन लागले. खाणं समोर असलं तरी तोंड लावायचं नाही. डॉक्टरांचा उजवा हात छातीपासून गुडघ्यापर्यंत खाली येणार, डॉक्टर म्हणणार "घे", तेव्हाच खायचं. दुसऱ्या कुणी दिलं, जमिनीवर पडलेलं सापडलं, देवानं स्वतः येऊन दिलं, तरी नाही.

आता असं शिकवायचं म्हणजे कुणीतरी आमिष दाखवणारं लागतं. ते काम बायकोवर आलं. वहिनी पडदे शिवायच्या. दवाखान्यामागची खोली त्यांची, तिथं शिलाई मशीन, कापडाचे तागे, आणि दारावर पाटी नसली तरी वहिनींच्या तोंडी कायमचा हुकूम, "कुत्र्यानं आत यायचं नाही." गडद कापडावर एक केस चिकटला तर गिऱ्हाईक पडदा परत पाठवायचं. त्यामुळे वहिनी आणि हवालदार यांच्यात प्रेम होतं असं कुणी म्हणणार नाही. शेजारच्या देशांसारखे संबंध होते.

तर दवाखान्यात चार लोक जमले, कुणी नवीन पिल्लू घेऊन आलं, की डॉक्टर आत हाक मारत, "अगं, जरा ये." वहिनी तोंडात टाचण्या तशाच धरून येत. हातात उकडलेली कलेजी घेत, खाली बसत, आणि टाचण्यांच्या आडून आयुष्यात नवऱ्यालाही कधी लावला नसेल असा लाडिक सूर लावत, "ये रे राजा, घे रे सोन्या." हवालदार त्यांच्याकडे एकदा बघे आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसे. लोक हसत. डॉक्टर छाती फुगवून म्हणत, "बघा. ही विष घालणार आणि हा खाणार नाही." मग उजवा हात खाली, "घे", आणि कलेजी गायब.

वर्षानुवर्षं हा खेळ चालला. गल्लीनं वहिनींचं नाव ठेवलं विषवाल्या वहिनी. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "विषवाल्या वहिनी, मिरची देऊ का?" वहिनी हसायच्या. एकदाच त्यांनी म्हणून पाहिलं होतं, "अहो, मलाही शिकवा की ती खूण. तुम्ही गावाला गेलात तर?"

डॉक्टर म्हणाले, "मी कशाला जातोय गावाला? आणि तू तर परीक्षेचा पेपर आहेस. पेपरच फुटला तर परीक्षा कसली?"

सगळ्या गावाला जे करू नका म्हणून सांगत होते, ते त्यांनी घरात हौसेनं केलं होतं. कुत्रं एकट्याचं करून ठेवलं होतं.

एका सकाळी डॉक्टर एका धिप्पाड कुत्र्याची नखं कापत होते. मालकिणीला समजावत होते, नखाच्या आत लाल शीर दिसते तिथं थांबायचं, घाई केलीत तर रक्त येईल आणि ते जन्मभर पंजा हातात देणार नाही. बोलता बोलता शब्द ओघळला. दुसरा शब्द निघालाच नाही. नखं कापायची पक्कड उजव्या हातातून सुटून फरशीवर पडली. मालकीण हसली, तिला वाटलं डॉक्टर नक्कल करतायत. कंपाउंडरनं कुत्र्याचं मानगूट धरलं होतं, ते सोडून त्यानं डॉक्टरांना धरलं. आयुष्य कुत्री पकडण्यात गेलं होतं त्याचं, माणूस पहिल्यांदाच.

अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. हात, पाय, तोंडाचा कोपरा, आणि बोलणं. रुग्णवाहिकेत वहिनी गळ्यात मोजायची टेप तशीच घेऊन बसल्या होत्या. इस्पितळातल्या सिस्टरनं ती हळूच काढून हातात दिली तेव्हा त्यांना कळलं.

काही दिवसांनी डॉक्टरांच्या तोंडून आवाज आला. दोनच शब्द: "बरं, बरं." पाणी हवंय का? बरं, बरं. दुखतंय का? बरं, बरं. मी कोण, ओळखलंत? बरं, बरं. डोळ्यांत मात्र सगळं जागं होतं, आणि आपल्याच तोंडून हे काय निघतंय हे ऐकून ते डोळे घाबरून इकडेतिकडे बघत. ज्या माणसाच्या बोलण्यासाठी गल्ली गॅलरीत उभी राहायची, त्याचं हे असं झालं.

वहिनी दिवसरात्र तिथंच. मधूनमधून कपडे बदलायला घरी येत. एकदा अशाच आल्या, तेव्हा दारात कंपाउंडर भेटला.

"हवालदार जेवतो ना?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे? तुम्ही घालून जाता ना? मी रोज भरलेलं भांडं बघतो, मला वाटलं तुम्ही..."

"मला वाटलं तुम्ही घालताय. म्हणून मी भांडं बघून खूश होते."

जिन्यावरून रेडिओकाका खाली येत होते. रेडिओ दुरुस्तीचा धंदा बुडून जमाना झाला होता, पण घराघरांतल्या बातम्या पकडण्याचं यंत्र त्यांच्या डोक्यात अजून चालू होतं. ते म्हणाले, "जेवतंय की. मुंग्या जेवतायत. बाकी कुणी नाही."

डॉक्टर पडले त्या दिवशी कुणीतरी भांडं भरलं होतं, तेव्हापासून तेच अन्न आंबून, वाळून, तिथंच होतं. हवालदार दवाखान्यात होता, वजनकाट्यावर. जनावरांचं वजन करायचा तो जमिनीलगतचा पत्रा, डॉक्टर रोज सकाळी त्याला त्यावर उभं करायचे. तो तिथंच जाऊन पडला होता. भिंतीवरच्या लाल आकड्यांत त्याचं वजन दिसत होतं. वहिनींनी तो आकडा वाचला आणि तशाच स्वयंपाकघराकडे धावल्या.

मग सुरू झालं. कलेजी, अंडं, कोंबडीचा रस्सा, दूध, ब्रेड. वहिनींनी वाटी पुढं केली की हवालदार त्यांच्याकडे एकदा बघे आणि भिंतीकडे तोंड फिरवे. अगदी पूर्वी लोकांसमोर फिरवायचा तसंच. शेपटीचं टोक जरासं हलवायचा, शाबासकी मिळेल या आशेनं. ती शेपटी बघून वहिनींना ब्रह्मांड आठवायचं. जगात ज्या एका हातातून काही घ्यायचं नाही असं या मुक्या जिवाला वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं, तो त्यांचाच हात होता. रेडिओकाकांनी दिलेल्या ब्रेडकडेही तो ढुंकून बघत नव्हता, पण वहिनी दिसल्या की खास सावध व्हायचा.

"घे," वहिनी म्हणाल्या. प्रेमानं म्हणाल्या, रागानं म्हणाल्या, डॉक्टरांचा घोगरा आवाज काढून म्हणाल्या. उजवा हात छातीपासून गुडघ्यापर्यंत खाली आणून म्हणाल्या. हवालदार भिंतीकडे.

कंपाउंडरनं डॉक्टरांचा पांढरा कोट घातला, त्यांचा जुना चष्मा कपाळावर चढवला, आणि हात खाली आणून म्हणाला, "घे!" हवालदारानं येऊन कोट हुंगला, मग कंपाउंडरच्या तोंडाकडे असं बघितलं, जणू चष्मा चोरीचा आहे हे त्याला कळलंय. कंपाउंडरनं मुकाट्यानं कोट काढून खुंटीला लावला. "वहिनी, हा मला अटक करेल," तो म्हणाला.

परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं फोनवर एक जुनं चित्रण पाठवलं. त्यात डॉक्टर ठणठणीत उभे होते आणि म्हणत होते, "हवालदार, घे." आवाज येताच हवालदार ताडकन उठला. पाय लटपटत होते तरी दाराकडे धावला, पडद्यामागं बघितलं, टेबलाखाली बघितलं, वहिनींच्या खोलीचा हुकूम मोडून आत शिरला आणि कापडाच्या ताग्यांमागं शोधून आला. मग फोनच्या मागं नाक घातलं. तिथं कुणी नव्हतं. तो पुन्हा काट्यावर जाऊन पडला. "आई, खाल्लं का गं?" मुलगी विचारत होती. वहिनींनी फोन बंद केला. त्या आत गेल्या, निळ्या पडद्याच्या कापडाचा एक तुकडा आणला आणि भिंतीवरच्या आकड्यांवर चिकटवून टाकला.

गावात दुसरा दवाखाना होता. तिथली डॉक्टर म्हणजे आपल्या डॉक्टरांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. तिला सगळे ताई म्हणत. ती येऊन सलाईन लावून जायची. पिचकारीनं पातळ खाणं तोंडात घालायचा एकदा प्रयत्न झाला, तेव्हा हवालदारानं सगळं बाहेर टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसाला चावला. कंपाउंडरच्या अंगठ्याला. चावला आणि लगेच स्वतःच थरथर कापत कोपऱ्यात जाऊन बसला.

"उपाशी कुत्रं शेवटी खातंच, असं आम्हाला शिकवलंय," ताई म्हणाली.

"कुणी शिकवलंय?"

"सरांनीच."

वहिनींनी हवालदाराची हिरडी बोटानं दाबली, सोडली. बोटाचा पांढरा ठसा तसाच राहिला. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईनं नळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "काकू, भूल देऊन पोटात नळी घालता येते. पण याचं हृदय मोठं झालंय, सरांनीच मागे तपासलं होतं. भुलीतून उठेल याची मी खात्री देत नाही. सर घरी येतायत ना? त्यांच्या हातून खाल्लं तर सगळंच सुटलं. तोवर सलाईनवर रेटू."

"आणि नाही खाल्लं तर?"

"मग त्याला असं झिजू द्यायचं, की सोडवायचं, ते सरांना विचारावं लागेल."

"काय विचारणार?" वहिनी म्हणाल्या. "ते कशालाही 'बरं, बरं' म्हणतात."

ताईनं गुंडाळलेली नळी बॅगेत टाकली.

डॉक्टर घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. कंपाउंडर आणि रेडिओकाका यांनी खुर्ची पायरीवरून उचलून आत घेतली. हवालदारानं आधी वास घेतला, मग जो आवाज काढला तो भुंकण्याचा नव्हता, रडण्याचाही नव्हता. रांगत रांगत आल्यासारखा आला आणि डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवून पडला. डॉक्टरांचा डावा हात त्याच्या पाठीवर फिरायला लागला. फिरता फिरता थांबला. बरगड्यांवर थांबला. एकेक बरगडी त्या बोटांनी चाचपली, मग डॉक्टरांनी वर बघितलं, वहिनींकडे. ती नजर सोसवणारी नव्हती.

"काही खात नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हटल्याशिवाय. म्हणा एकदा. अहो, म्हणा."

त्यांनी वाटी हवालदारासमोर ठेवली. डॉक्टरांनी श्वास घेतला, मानेच्या शिरा फुगल्या, ओठ एका बाजूनं थरथरले. "बरं, बरं," डॉक्टर म्हणाले.

हवालदार कान टवकारून बसला होता. नजर त्यांच्या उजव्या हातावर. तो हात मांडीवर उताणा पडला होता, कुणाचा तरी ठेवायला दिलेला असावा तसा. डॉक्टरांनी डावा हात छातीपासून गुडघ्यापर्यंत आणला. हवालदारानं डाव्या हाताकडे पाहिलंच नाही. वहिनींनी डॉक्टरांचा उजवा हात उचलून धरला आणि खाली आणला. वहिनींचा हात लागल्याबरोबर हवालदार भिंतीकडे वळला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि तो भिंतीकडे बघत बसला होता.

"बरं, बरं! बरं, बरं!" डॉक्टर डाव्या मुठीनं खुर्चीच्या हातावर मारायला लागले. कंपाउंडर तोंड फिरवून बाहेर गेला. रेडिओकाका तर अशा वेळी थांबणाऱ्यांतले. तेही उठून गेले. गल्लीला त्या दिवशी बातमी कुणी दिली नाही.

त्यानंतर डॉक्टर हवालदाराकडे बघेनात. आणि स्वतःही खाईनात. इस्पितळातून निघताना सिस्टरनं वहिनींना समजावलं होतं, मऊ भात, अंडं, मीठ नको, चमच्यानं थोडं थोडं, मान जराशी खाली घालून गिळू द्या. तोंडानं गेलं नाही तर नाकातली नळी पुन्हा घालावी लागेल. पण डॉक्टरांच्या तोंडाचा उजवा कोपरा बंद होत नव्हता. घास अर्धा आत, अर्धा हनुवटीवरून शर्टावर, मांडीवर. आयुष्यभर कुत्र्यांच्या लाळेत हात घातलेल्या त्या माणसाला स्वतःच्या लाळेची भयंकर लाज. वहिनींनी चमचा पुढं केला की ते दात आवळून घेत, डाव्या हातानं चमचा उडवून देत. दोन दिवसांत भिंतीवर भाताची नक्षी झाली.

ताईनं निरोप धाडला होता की ती संध्याकाळी येते, आता आणखी लांबवणं म्हणजे त्या जनावराचे हाल. कशासाठी येतेय हे सगळ्यांना माहीत होतं. कंपाउंडरनं सकाळीच टेबल पुसून स्वच्छ केलं, आणि मग परत पुसलं.

दुपारी वहिनींनी भात शिजवला. एकाला बिनमिठाचा मऊ भात आणि अंडं, दुसऱ्यालाही बिनमिठाचा मऊ भात आणि अंडं, एकाच पातेल्यात. दोन वाट्या भरायचंही त्राण उरलं नव्हतं. एकच वाटी घेतली आणि त्या डॉक्टरांसमोर बसल्या. हवालदार खुर्चीच्या उजव्या चाकाला टेकून पडला होता. डोळे उघडे, बस्स.

वहिनींनी चमचा पुढं केला. डॉक्टरांनी उडवला.

आणि मग वहिनींचं सुटलं. टाचण्या तोंडात धरून धरून जे वर्षानुवर्षं आत राहिलं होतं ते सगळं.

"नका खाऊ! दोघंही नका खाऊ! मी म्हणजे विषवालीच ना? लोकांसमोर नाचवलंत मला, ये रे राजा, घे रे सोन्या! हसले सगळे. मीही हसले. एकदा म्हटलं मलाही शिकवा, तर म्हणे तू पेपर आहेस! आता या पेपरानं काय करायचं सांगा! संध्याकाळी ती मुलगी येईल सुई घेऊन. तुम्ही 'बरं, बरं' म्हणणार, आणि मी त्याला धरायचं, माझ्याच हातांनी. त्या वेळीही तो भिंतीकडे तोंड करेल, शहाण्यासारखा! आणि उद्या तुमच्या नाकात नळी घालताना तुम्हाला धरायचं, तेही मीच! अहो, मी काय केलंय तुम्हा दोघांचं? पडद्यावर केस चालत नाही म्हणाले, एवढंच ना?"

त्या जमिनीवर बसल्या. रडणंही धड येईना. वाटी हातात तशीच.

मग डॉक्टरांनी डावा हात लांब करून वहिनींचं मनगट धरलं. ओढलं. वहिनींनी मान वर केली तर डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं.

वहिनींनी चमचा भरून दिला. डॉक्टरांनी मान खाली घातली, गिळायला लागले. घास अर्धा गेला, अर्धा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला. हनुवटीवरून खाली, मांडीवरच्या त्या मेल्या उजव्या हाताच्या तळव्यात पडला. वहिनी पदरानं पुसायला गेल्या आणि तिथंच थबकल्या.

हवालदारानं डोकं उचललं होतं. तो त्या तळव्याकडे बघत होता. उजवा हात, गुडघ्याशी, उताणा. त्यानं डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांच्या तोंडात घास होता, ते चावत होते. हवालदाराचं नाक पुढं आलं. हुंगलं. एकदा तळव्याला, एकदा वर होऊन हनुवटीला. मग जिभेचं टोक बाहेर आलं आणि तळव्यातलं एक शीत उचलून गेलं.

दुसरं. तिसरं. मग सगळा तळवा चाटून पुसून.

डॉक्टरांनी तोंड पुन्हा उघडलं. घाईनं. वहिनींनी चमचा भरला. या वेळी डॉक्टरांनी गिळलंच नाही. मान उजवीकडे कलती केली आणि घास जाणूनबुजून ओठाच्या त्या लुळ्या कोपऱ्यातून सोडून दिला. सगळ्या गल्लीपासून लपवायची लाळ, भात, अंडं, सगळं एकत्र त्या तळव्यात. हवालदारानं खाल्लं. पुन्हा तोंड उघडं. पुन्हा तेच. वहिनींना काय चाललंय ते कळलं तेव्हा त्यांनी चमचा मागं घेतला.

"असं नाही चालणार," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण हुकूम शिलाईच्या खोलीतलाच होता. "एक घास त्याचा, एक तुमचा. तुमचा गिळून दाखवा, मग त्याचा मिळेल."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं. मग गिळलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळलं. वहिनींनी मान खाली घालायला लावली, पाठ चोळली, आणि पुढचा चमचा दिला तो हवालदाराच्या नावाचा. डॉक्टरांनी इमानेइतबारे सांडला.

अशी निम्मी वाटी झाली असेल, आणि डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अहो, आत्ता कुठं खायला लागलाय! उघडा ना." वहिनींनी चमचा ओठांना लावला. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. हवालदार रिकामा तळवा चाटत होता, वर बघत होता, परत चाटत होता. "अहो, त्याच्याकडे बघा तरी. किती भूक आहे त्याला! का असं करताय? बंद का केलंत?" वहिनींनी चमच्यातला भात स्वतःच्या हातानं त्या तळव्यात ठेवला. हवालदारानं तो हात येताना पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनींनी मुकाट्यानं भात उचलून परत वाटीत टाकला.

तेवढ्यात ताई आली. खांद्याला बॅग, चेहरा दगडासारखा करून आली होती. दारातच तिनं चिकट तळवा पाहिला, हवालदाराच्या मिशांना लागलेलं अंडं पाहिलं आणि बॅग हळूच बाहेरच्या बाकावर ठेवून दिली.

"किती खाल्लं?"

"निम्मी वाटी, तीही दोघांत मिळून. आणि आता हे तोंडच उघडत नाहीत! तू तरी सांग यांना."

ताई खाली बसली, हवालदाराची हिरडी दाबून बघितली, पोट चाचपलं. मग म्हणाली, "सरांनी बरोबर केलंय, काकू. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाला पहिल्यांदा एवढंच. जास्त गेलं तर उलटी होऊन हाच घास जीव घेईल. थोडं थोडं, मधे वेळ सोडून. पण असं किती दिवस चालेल, ते मला सांगता येत नाही. यकृताला किती धक्का बसलाय ते रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही."

"पुढचं केव्हा द्यायचं मग?"

ताईनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर डोळे मिटून, ओठ आवळून बसले होते. शर्ट हनुवटीपासून पोटापर्यंत भातानं माखला होता आणि तो कुणी पुसावा अशी त्यांची काही इच्छा दिसत नव्हती.

"ते सर सांगतील," ताई म्हणाली.

वहिनी वाटी मांडीवर घेऊन, चमचा हातात धरून, त्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसल्या. हवालदारही.